शेकरूकडे पाठ

रत्नागिरी जिल्ह्यात थंडी पडते म्हटलं की घाटावरची माणसं हसतात. हसोत बापडी. आमच्या देवरुखाकडे डिसेंबरात पहाटे कातळावरचं गवत ओलंचिंब असतं, परसातल्या कलमांना मोहोराचे तुरे दिसायला लागतात, आणि मी कपाटातून माझी एकुलती एक शाल काढते. तिला डांबराच्या गोळ्यांचा वास येतो. तो वास, चुलीचा धूर, अंगणात वाळत घातलेल्या कुळथाचा वास, हे सगळं मला मनापासून आवडतं. वैताग येतो तो एकाच गोष्टीचा. मोहोर धरला, की आमच्या स्टाफरूममध्ये कुणीतरी चहाचा कप खाली ठेवतं आणि विचारतं, "मग, यंदा कुठे?"

यंदा कुठे, म्हणजे शिक्षकांची सहल यंदा कुठे. मुलांची सहल वेगळी. ती उरकली, कुणी हरवलं नाही, कुणाचा हातपाय मोडला नाही, की मग आमची. या वर्षीही हा प्रश्न खेडेकर सरांनीच टाकला. खेडेकर सर म्हणजे आमचे पी.टी.चे शिक्षक. त्यांच्या गळ्यात शिट्टी असते ती लग्नाच्या पंक्तीतसुद्धा. मी म्हटलं, "कुठेही जा. मला विचारू नका." गेल्या हिवाळ्याची सहल सगळ्यांना आठवत होती, पण त्यांना तिची मजा आठवते आणि मला चीड.

गेल्या हिवाळ्यात असाच कप खाली ठेवला गेला होता आणि नेहमीची नावं निघाली होती. कुणी महाबळेश्वर, कुणी गोवा. एरवी अशा चर्चेत नसीमाबाई कधी पडायच्या नाहीत. त्या विज्ञान शिकवायच्या. माहेर आणि सासर दोन्ही दाभोळचं, पण उभी नोकरी आमच्या शाळेत काढली. स्टाफरूममध्ये माझ्या शेजारची खुर्ची त्यांची. त्या दिवशी वह्या तपासता तपासता मान वर न करता म्हणाल्या, "चांदोलीला जाऊ या. मला शेकरू बघायचंय."

सगळे हसले. खेडेकर सर म्हणाले, "बाई, एवढं राष्ट्रीय उद्यानात जायचं आणि खारीचा मोठा भाऊ बघायचा? वाघ तरी म्हणा!"

"वाघ तुम्ही बघा," बाई म्हणाल्या. "मी उभी नोकरी पोरांना सांगत आले, महाराष्ट्राचा राज्यप्राणी कोण, शेकरू. फळ्यावर काढून दाखवलं, पेपरात विचारलं, उत्तर आलं नाही तर मार्क कापले. आणि मी ते चित्राबाहेर कधी पाहिलेलं नाही. मे महिन्यात मी रिटायर होते, मग माझा मुलगा इम्रान मला दोह्याला नेणार. तिकडे काय शेकरू बसलंय माझ्यासाठी?"

चांदोली ठरलं.

घरी जाताना रस्त्यात त्यांनी मला आणखी एक सांगितलं, आणि खरं तर त्याच दिवशी मी त्यांच्या शेकरूची जबाबदारी स्वतःच्या डोक्यावर घेतली. म्हणाल्या, "सावंतबाई, मी किती सहलींना गेले असेन? पण पाहिलं काय? गणपतीपुळ्याला समुद्राकडे पाठ करून उभी होते, कारण पोरं पुढे जाऊ नयेत. रायगडावर तर मी फक्त पोरांच्या टोप्या पाहिल्या. जिथे जाईन तिथे बघण्याची वस्तू माझ्या पाठीमागे. आता एकदा तरी मला तोंड तिकडे करून उभं राहायचंय. कुणाला मोजायचं नाही, कुणाला पुढे घ्यायचं नाही. मी आणि ते शेकरू, बस."

मला हे इतकं पटलं की मी रस्त्यात थांबले. आमच्या धंद्यात फळा पाठीमागे असतो. जे काही बघण्यासारखं आहे ते आपण मागे लिहून ठेवतो आणि समोरच्या पन्नास तोंडांकडे बघत बसतो. कुणाला कळलं, कुणाला नाही, कोण जांभई देतंय. मी इतकी वर्षं कविता शिकवते, पण शेवटची कविता मी स्वतःसाठी कधी वाचली ते मला आठवत नाही. हे असं आहे. यात रडण्यासारखं काही नाही, पण चिडण्यासारखं मात्र भरपूर आहे.

सहलीचा दिवस ठरला आणि ग्रुपवर मेसेजांचा पाऊस पडला. एकीने ठरवलं, सगळ्यांनी पिवळं घालायचं. का? तर फोटो चांगले येतात. अहो, जंगलात जायचंय ना? हळदीला नव्हे! पण माझं कोण ऐकतंय. सकाळी शाळेच्या फाटकाशी पिवळ्या साड्या, पिवळे शर्ट, पिवळ्या टोप्या. खेडेकर सरांनी तर शाळेच्या नावाचा फ्लेक्स करून आणला होता, गेटवर धरायला. नसीमाबाई तेवढ्या मातकट रंगाचा सलवार-कुर्ता घालून आल्या होत्या. त्यांच्या हातात नातवाच्या वाढदिवसाला इम्रानने पाठवलेली दुर्बीण होती. नातवाकडून उसनी आणलेली.

आंबा घाटात नेहमीप्रमाणे दोघांना बस लागली, आलेपाकाची पुडी पुढून मागे फिरली, मागच्या सीटवर अंताक्षरी 'म' वर अडली. मी खिडकीला डोकं टेकून बसले होते. घाट चढून वर गेलं की हवा एकदम बदलते. नाकाचा शेंडा गार पडतो. आमच्याकडच्या दमट थंडीला सरावलेली कातडी भराभर कोरडी व्हायला लागते आणि सगळ्या बायका एकदम पर्समधून व्हॅसलीन काढतात.

वर बस सोडून आम्ही जिपांमध्ये बसलो आणि आम्हाला गाईड मिळाला. पन्नाशीचा, मफलर गुंडाळलेला, तोंडात सदा सुपारी. त्याचं एकच पालुपद. "मॅडम, काल आला असता न्हवं! काल हितंच गव्यांचा अख्खा कळप हुता." पुढच्या वळणावर, "परवा आला असता न्हवं, परवा हितं अस्वल हुतं बघा." मी शेवटी म्हटलं, "दादा, उद्या काय असणार आहे ते सांगा, आम्ही उद्या येतो." तो मनापासून हसला आणि म्हणाला, "उद्या तर काय, जनावरंच जनावरं!" अशा माणसाशी भांडण तरी कसं करायचं?

आता एक सांगते, आणि हे आमच्या शाळेचंच नाही, सगळ्या शिक्षकांचं आहे. आम्हाला शांत बसता येत नाही. आम्हाला फक्त शांत बसवता येतं. जीप थांबली, झाडीत एक सांबर उभं होतं. कान आमच्याकडे करून. इतकं जवळ की त्याच्या नाकातून निघणारी वाफ दिसत होती. कुणीतरी हळूच "अय्या" म्हटलं, आणि खेडेकर सर प्रार्थनेच्या मैदानावर उभे असल्यासारखे ओरडले, "शांतता!" सांबर गेलं. मग चौघांनी मिळून खेडेकर सरांना "शू!" केलं आणि जी काही पाखरं उरली होती तीही उडाली. वर प्रत्येक थांब्यावर हजेरी. एक! दोन! तीन! मोठमोठ्या माणसांनी, पेन्शनीला आलेल्या माणसांनी, राष्ट्रीय उद्यानात उभं राहून आपापला नंबर ओरडायचा. का? तर सवय. कुणी हरवलं तर? अहो, हरवू दे की एखादा! मला तर हरवायचंच होतं.

नसीमाबाई मात्र शांत होत्या. दुर्बीण छातीशी धरून वर फांद्यांकडे बघत होत्या. एकदा गाईडने बोटाने दाखवलं, उंच झाडाच्या बेचक्यात पानांचा आणि काटक्यांचा मोठा गोळा. "शेकराचं घरटं हाय. थांबला तर दिसंल." हे पहिल्यांदाच 'काल'चं नव्हतं. तिथे जीपमधून उतरायची परवानगी होती, पायवाट होती, खाली एक सपाट दगड होता. मी बाईंना त्या दगडावर बसवलं, सगळ्यांत पुढे. मग मागे वळून बाकीच्यांना सांगितलं, "आता जो बोलेल त्याच्याशी मी रिटायर होईपर्यंत बोलणार नाही." खेडेकर सरांनी शिट्टी शर्टाच्या आत टाकली. खरं सांगते, पिवळ्या कपड्यांतले ते सगळे तसे बसलेले बघून मला थोडं प्रेमही आलं. थोडंच.

किती वेळ गेला कोण जाणे. पाय गारठले. वाळलेल्या पानांवर एक मुंगळा चालत होता, त्याचासुद्धा आवाज येतोय असं वाटत होतं. मग वर कुठेतरी फांदी दबली. पानं आपोआप हलतात तशी ती हलत नव्हती. गाईड नुसतं म्हणाला, "आलं." बाईंनी दुर्बीण उचलली.

आणि त्याच क्षणी वळणावरून पोरं आली.

कुठल्याशा शाळेची सहल. पाचवी-सहावीची मुलं, स्वेटर कमरेला बांधलेले, हातात चिप्सच्या पिशव्या, कलकलाट. त्यांच्या बाई पार मागे धापा टाकत, मोबाईलवर कुणाला तरी बस कुठे उभी करायची ते सांगत होत्या. मी डोळे मिटले. संपलं, म्हटलं. पण कलकलाट एकदम थांबला. डोळे उघडून बघते तर नसीमाबाई दगडावरून उठल्या होत्या. झाडाकडे पाठ. तोंड मुलांकडे. ओठांवर एक बोट.

एकही शब्द नाही. नुसत्या हातांनी बुटक्यांना पुढे घेतलं, उंचांना मागे सरकवलं. एका पोराला खांद्याला धरून खाली बसवलं. एकाच्या हातातली चुरचुरणारी पिशवी काढून घेतली आणि काखेत दाबली. सगळी पोरं चिडीचूप. बाईंनी हात वर करून फांदीकडे दाखवलं, आणि स्वतः मात्र पोरांकडे बघत राहिल्या. सगळ्यांना दिसतंय ना? त्या टोकाच्या मुलीला दिसत नाहीये वाटतं. तिला हाताला धरून दोन पावलं इकडे आणलं.

मी दात-ओठ खाऊन म्हटलं, "बाई, मागे! अहो, मागे बघा!"

बाईंनी माझ्याकडे न बघता तळहात दाखवला. वर्गात मध्येच बोलणाऱ्याला दाखवतात तसा. आणि मी गप्प बसले! मी, सावंतबाई, जिला हेडमास्तरही गप्प बसवू शकले नाहीत. मी त्यांच्या त्या हाताकडेच बघत राहिले. पुढच्या क्षणी सगळ्या पोरांनी मिळून "आ" केलं. बाई वळल्या तेव्हा वर एक फांदी नुसती झुलत होती.

"ह्या झाडावरनं त्या झाडावर!" गाईड टाळी वाजवून म्हणाला. "काय उडी हाणली! दिसलं न्हवं समद्यांस्नी?"

समद्यांस्नी दिसलं. पोरांना दिसलं, खेडेकर सरांना दिसलं, अंताक्षरीवाल्यांना दिसलं. त्यानंतर आम्ही तिथे बराच वेळ थांबलो. घरटं तिथेच होतं, शेकरू काही परत आलं नाही. गाईड म्हणाला, उद्या नक्की.

परतीच्या बसमध्ये जे झालं ते मला अजून सहन होत नाही. खेडेकर सर उठून उभे राहिले, कंडक्टरच्या जागी, दांडीला धरून, आणि भाषण केलं. नसीमाबाई म्हणजे हाडाच्या शिक्षिका. स्वतःचं सुख बाजूला ठेवून दुसऱ्याच्या लेकरांना वगैरे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एकीने डोळे पुसले. बाई हसल्या, मान लववली, आणि परत खिडकीबाहेर बघायला लागल्या.

साखरप्याला चहासाठी बस थांबली. सगळे उतरले, बाई उतरल्या नाहीत. मी दोन कप घेऊन वर चढले. त्या तशाच बसल्या होत्या, काखेत अजून त्या पोराची चिप्सची पिशवी.

"सावंतबाई," त्या म्हणाल्या, "मला आज हाडाची शिक्षिका नव्हतं व्हायचं. मला शेकरू बघायचं होतं."

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "जाऊ दे हो. मुलांना तरी दिसलं."

"मुलांना अख्खा जन्म पडलाय बघायला!" त्या इतक्या जोरात म्हणाल्या की ड्रायव्हरने मागे वळून पाहिलं. मग आवाज खाली आणून, "मी का वळले हो? मला कुणी सांगितलं होतं? त्यांच्या बाई होत्या की. आवाज कानावर आला आणि अंग आपोआप वळलं. मला कळायच्या आत. माझ्या अंगात आता दुसरं काही उरलंच नाही का?" त्यांचा चष्मा ओला झाला होता. चहा तसाच राहिला.

लोकांना अशा गोष्टीत गोडवा सापडतो. मुलांच्या चेहऱ्यावरचा आनंद हेच खरं शेकरू, असं कुणीतरी ग्रुपवर लिहिलंसुद्धा, खाली हात जोडलेले, फुलं, चाळीस अंगठे. मला असलं गोड पचत नाही. एका बाईने आयुष्यात एकच गोष्ट स्वतःसाठी मागितली होती, ती तिच्या डोक्यावरून उडी मारून गेली, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. मला त्या हिवाळ्यात दुसरं काही दिसेना. मोहोर गळून कैऱ्या धरल्या तरी माझी चीड गळेना.

आणि त्यावर कडी बघा. मे महिन्यात बाईंचा निरोप समारंभ झाला. नारळ, शाल, भाषणं. भेटवस्तूचं वेष्टन बाईंनी सोडलं. आत काय? फ्रेम केलेला शेकरूचा फोटो! मोठा, गुळगुळीत, सोनेरी कडेचा. परत चित्रच! मी खेडेकर सरांकडे असं पाहिलं की त्यांनी पुढचे दोन दिवस मला वाट करून दिली. बाईंनी फोटो दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाल्या, "फार सुंदर आहे." दाभोळला त्यांच्या घरी तो बाहेरच्या खोलीत लावलाय म्हणे. येणाराजाणारा विचारतो, कुठे काढलात? बाई सांगतात, मी नाही काढला.

तर या वर्षी "यंदा कुठे" ऐकलं आणि मी घरी येऊन आधी दाभोळला फोन लावला. बाईंचा व्हिसा आला होता. जानेवारी संपायच्या आत जायचं होतं. मी म्हटलं, "बॅगा नंतर भरा. आधी चांदोलीला चला."

"स्टाफ येणार?"

"कुणी नाही."

"खेडेकर सर?"

"त्यांना कळलंसुद्धा नाही."

मग म्हणाल्या, "आणि पोरं? डिसेंबर आहे, सावंतबाई. सहलींचे दिवस. पोरं आली तर मी परत वळेन. मला माहीत आहे मी वळेन."

"आली तर त्यांच्याकडे मी बघते," मी म्हटलं.

"तुम्ही? तुमचं पोरं कधी ऐकतात?" बाई हसल्या. किती महिन्यांनी त्यांचं हसू ऐकलं मी.

परवा गेलो. एस.टी.ने घाटावरच्या आंबा गावापर्यंत, पुढे त्याच गाईडची जीप. आम्हाला बघताच तो म्हणाला, "मॅडम, काल आला असता न्हवं..." मी नुसतं बघितलं त्याच्याकडे. पुढे तो बोलला नाही. तोच सपाट दगड, दवाने भिजलेला. मी माझी शाल घडी करून त्याच्यावर टाकली. बाईंना बसवलं आणि मी शेजारी, थोडी मागे, वळणावर लक्ष ठेवून बसले. पोरं आली असती तर मी त्यांना तिथल्या तिथे परतवून लावणार होते. कुणाचीही असोत. पण कुणी आलं नाही. थंडीत आमच्या दोघींच्या तोंडातून वाफ निघत होती आणि कुठून तरी ओल्या मातीचा आणि कुजक्या पानांचा वास येत होता.

मग फांदी दबली. गाईड काही म्हणाला नाही, त्याने फक्त सुपारी चघळणं थांबवलं.

बाईंची दुर्बीण वर गेली, मग खाली आली. नुसत्या डोळ्यांनी बघत होत्या. मला एकदम धाकधूक सुरू झाली. दिसतंय ना यांना? बरोबर फांदी सापडली ना? चष्म्यावर धुकं तर नाही धरलं? मान हळूहळू डावीकडून उजवीकडे गेली. चांगलं लक्षण. तोंड जरासं उघडं राहिलं. भुवया वर गेल्या. मग त्यांची नजर झपकन या झाडावरून त्या झाडावर गेली. दिसलं! अख्खं दिसलं! मला ओरडावंसं वाटलं.

बाईंनी न बघताच माझा दंड पकडला. बोटं बर्फासारखी गार होती.

"केवढी हो शेपटी!" त्या कुजबुजल्या. "अंगापेक्षा लांब. आणि टोकाला पांढरट, पाहिलंत?"

"पाहिलं ना," मी म्हटलं.

मी सगळा वेळ बाईंकडे बघत होते.